मुराळ्याची लूना

नालवाडी, वर्धा
कोजागिरीनंतरचा मंगळवार, १९८३

प्रिय रंभा,

तुझं कार्ड पोचलं. दोनच ओळी लिहिल्यास, त्याही अशा दाबून की पाठीमागच्या पत्त्यावर अक्षरं उमटलीत. 'गेल्या दिवाळीला कोणी आलं नाही. यंदाही मुराळी आला नाही तर मी पुन्हा वाट पाहणार नाही.' पोस्टमननं ते वांग्याच्या वाफ्यात आणून दिलं आणि मी तिथंच बांधावर बसले. राग नाही आला ग. उलट बरं वाटलं, की रागावण्याइतकं माहेर अजून तुझ्यात शिल्लक आहे. पण तुझ्या दोन ओळींना दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही. वर्षभराचं बोलणं पोटात साठलंय. तेव्हा हे पत्र चुलीजवळ उभ्यानं वाचू नकोस, भाजी करपेल आणि नाव माझं होईल. दुपारी तुझ्या सासूबाई जरा लवंडल्या की मागच्या परसात जाऊन बस आणि सावकाश वाच.

मी बाजारातून येऊन निंबाखाली बसलेय. या दिवसांतलं ऊन तुला आठवतं ना? अंगावर पडतं पण टोचत नाही. तुरीला फुलं यायला लागलीत. मेथीच्या वाफ्यावर सकाळचं धुकं उशिरापर्यंत रेंगाळतं आणि त्या धुक्यात निळ्या धुराचा एक पट्टा अडकून राहतो, हलतच नाही. पाहत बसलं की आपण जागे आहोत की नाही तेच कळत नाही. तो धूर आपल्या लूनाचा. आणि आता नीट बसली असलीस तर ऐक, ती लूना मी चालवते. हो, मीच. मागे टोपल्यात वांगी, पुढे सांबार-मेथीच्या हिरव्या जुड्या आणि काष्टा घट्ट खोचून नालवाडीची शालूबाई रोज सकाळी गोल बाजारात जाते. आधी बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आता त्यांच्यातलीच एखादी हळूच विचारते, मलेही शिकवशील का व?

लूना घेतली तेव्हा माहेरी आलेली तू केवढी रुसली होतीस. राजदूत का विकली, मला न विचारता का विकली, म्हणून जेवली नव्हतीस. तुझंही खरंच होतं. त्या गाडीच्या टाकीवर बसून तू लहानाची मोठी झालीस. तुझे बाबा पेट्रोल भरायला निघाले की तू आधीच टाकीवर चढून बसलेली असायचीस. पंपावर त्यांचा तो सोहळा चालायचा, आठवतो? पंपावरचा माणूस ड्रममधलं हाताला येईल ते तेल मापात घेऊन पेट्रोलमध्ये ओतायला निघायचा आणि तुझे बाबा त्याचा हात धरायचे. आधी एक थेंब अंगठ्यावर घ्यायचे, बोटानं चोळायचे, वास घ्यायचे. मग खिशातून काचेची लहान बाटली काढायची, तिच्यात पेट्रोल, पेट्रोलात तेलाचा थेंब. थेंब दोऱ्यासारखा खाली उतरून तळाशी बसला तर ते तेल नको. विरघळून दिसेनासा झाला तर चालेल. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायची, भोंगे वाजवायची. हे आपले बाटली उन्हात धरून उभे, आणि तू टाकीवर बसून त्या बाटलीतून सूर्य पाहायचीस.

शेजारच्या शेतातला डोमाजी तर त्यांची भारी थट्टा करायचा. तेल ते तेल, इंजिनाला काय जीभ असते का, म्हणायचा. त्यानं आपल्या ट्रॅक्टरचं तेल फवारणीच्या पंपात घातलं आणि ऐन कपाशीच्या फवारणीत पंप काजळी धरून बंद पडला, तेव्हा मुकाट्यानं आपल्याच दारी आला. तुझ्या बाबांनी त्याला चहा पाजला आणि शिकवणीही दिली. ट्रॅक्टरचं तेल इंजिनाच्या पोटात राहायला असतं, तिथल्या तिथे फिरतं. दोन-स्ट्रोकच्या इंजिनात तेलाला राहायला जागाच नसते. ते पेट्रोलात मिसळून आत येतं, पिस्टनवरून हात फिरवतं आणि लगेच जळून धुरावाटे निघून जातं. म्हणून ते पातळ हवं, मिसळणारं हवं आणि जाताना मागे काही न ठेवणारं हवं. कमी पडलं तर पिस्टन तापून जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. टॉनिकच्या बाटलीची चार बुचं एका लिटरला, ना कमी ना जास्त. एवढं सांगून म्हणाले, लेकीसारखं असतं हे तेल. जायलाच येतं, पण असतं तोवर घराची झीज होऊ देत नाही. तू तेव्हा त्यांच्या मांडीवर झोपली होतीस. तुझ्या लग्नानंतर मात्र हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

तेल घातलं की गाडी डावी-उजवी हलवायची, आतलं पेट्रोल नीट ढवळलं जावं म्हणून. तुला वाटायचं तुझ्यासाठीच हलवतात. घरी पोचेपर्यंत तुझे डोळे मिटलेले असायचे. पुढे तुझं लग्न झालं, आणि दर दिवाळीला त्याच राजदूतवर ते मुराळी होऊन तुला माहेरी आणायला नाचणगावला यायला लागले. परत आले की रात्रीच्या जेवणाला एकच गोष्ट. देवळी मागे पडली की मी मुद्दाम गाडीचा आवाज वाढवतो, म्हणायचे, म्हणजे पोरीला लांबूनच कळावं. आणि मी दारात पोचतो तेव्हा ती चौकटीला हात लावून उभी असते. बोलत काही नाही. नुसती हसते. मी मुद्दाम विचारायचे, काहीच बोलत नाही? ते म्हणायचे, बोलायचं काय त्यात, दिसतं ना सगळं.

मग एका वर्षी त्यांनी मला नवीनच नाद लावला. सकाळी गाडी सुरू केली की अंगणातून हाक मारायचे, शालू, धूर कसा आहे बघ. निळा का पांढरा? मला वाटलं मला शिकवतायत. मी चुलीवरून उठून यायचे, सांगायचे, निळा आहे. पातळ का दाट? पातळ. मग समाधानानं निघायचे. रोजच झालं तसं मी वैतागले. तुमच्याच पाठीमागे धूर आहे, मान वळवून बघा की, म्हटलं. ते तसेच गाडी काढून निघाले. पुढे कधीतरी मला दिसलं, की तेल बुचात ओतताना ते बुचाकडे बघतच नाहीत. कान देऊन ओतायचे, बुचात बोट ठेवून. मी तेही थट्टेवारीच नेलं. म्हटलं, इतकी सवय झालीय की आता डोळे मिटूनही जमतं तुम्हाला. माझ्या जिभेला काही हाड आहे का, तूच सांग.

नंतर राजदूत विकली आणि हलकी म्हणून लूना आणली. आणली आणि माझ्यासमोर उभी केली. मी म्हटलं, बाईमाणसानं हे चालवायचं का? तर म्हणे, पायडल आहे, बंद पडली तर सायकल समज. विहिरीमागच्या पडीक रानात त्यांनी मला शिकवलं. ते मागचं कॅरिअर धरून सोबत धावायचे आणि मला काय चुकलं ते आवाजावरून सांगायचे. गवत कमरेइतकं, वर सावरीची झाडं, बगळे उडतायत, आणि मी फट-फट करत गोल गोल फिरतेय. एकदा वळून पाहिलं तर ते मागे नव्हतेच. लांब उभे राहून ऐकत होते, मान एका बाजूला कलती करून, आणि चेहऱ्यावर असं सुख की मी पडायचंही विसरले. रंभा, इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांच्याविषयी जेवढं प्रेम त्या दुपारी वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं. लेकीला असं लिहू नये म्हणतात, पण मी लिहून टाकलं.

आता गेल्या दिवाळीचं. तुला वाटतं कोणी आलं नाही. मी निघाले होते ग. मुराळी म्हणून मीच निघाले होते, लूनावर, एकटी. दिवाळीच्या आधी आठवडाभरापासूनच तुझे बाबा एका कामासाठी दवाखान्यात होते. ते काम काय ते सांगते, दम धर. घरी मी एकटी आणि भाजीची घाई. त्यात टू-स्ट्रोकच्या तेलाचा डबा संपला. पंपावर ते तेल आलेलं नव्हतं, तिथला माणूस म्हणाला सणानंतर बघू. ड्रममधलं काळं घ्यावं का म्हटलं तर मला डोमाजीचा पंप आठवला. मग घरात आले आणि समोर काय, तर घाण्यावरून नुकतंच काढून आणलेलं आपलं जवसाचं तेल. आपल्या शेतातलं, स्वच्छ, सोन्याच्या रंगाचं. बैलबंडीच्या कण्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या घरचंच एरंडीचं तेल देत आलो, मग इंजिनाला घरचं काय वाईट? तरी मी आंधळेपणानं नाही घातलं. थेंब अंगठ्यावर चोळला, पातळ होता. काचेच्या बाटलीत टाकला, विरघळून गेला. तुझ्या बाबांची परीक्षा पास झालं होतं माझं तेल. मग चार बुचं मोजून घातली आणि लूना हलवून घेतली.

आठवडाभर काय चालली गाडी! मागून येणाऱ्या धुराला भाजलेल्या जवसाच्या चटणीचा वास. बाजारातल्या बाया वळून पाहायच्या, कोणाच्या घरी चटणी झाली म्हणून. मी मनात खूश. पाडव्याच्या सकाळी पिशवीत करंज्या आणि तुझं लुगडं घेऊन निघाले. दुतर्फा कपाशी फुटलेली, ज्वारीवर दव, आणि रस्ता अगदी रिकामा. मी स्वप्नात असल्यासारखी चालले होते. मनात एकच, की तुझे सासरे वासुदेवराव मला पाहून काय म्हणतील. बाई मुराळी होऊन आली म्हणून दारातच उभी ठेवतील का? काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. आणि देवळी यायच्या आधी लूना खोकायला लागली. ओढ कमी झाली, आवाज घोगरा झाला, आणि एका चिंचेखाली ती जी बसली ती बसलीच. पायडल मारू म्हटलं तर पायडलही जड. पिस्टन आतच धरून ठेवला होता कोणीतरी.

दुपार कलेपर्यंत मी तिथं बसले. शेवटी वर्ध्याकडे जाणाऱ्या एका बंडीवाल्यानं लूना चढवून घेतली, कपाशीच्या गाठोड्यावर आडवी. मला संध्याकाळच्या आत दवाखान्यात पोचायचंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे माझी सही लागणार होती. म्हणून देवळीहून एसटीनं तुझ्याकडे येता आलं नाही. बंडी उलट्या दिशेनं निघाली तेव्हा मी नाचणगावच्या बाजूला तोंड करून बसले होते. तू दारात उभी असशील हे मला दिसत होतं. मी रडले, बंडीवाल्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. करंज्या त्याच्याच मुलांना दिल्या. लुगडं अजून ट्रंकेत तसंच आहे.

तुझे बाबा दवाखान्यातून आले त्या दिवशी ताराचंद मिस्त्रीनं लूना दुरुस्त करून आणली. पिस्टनच्या कड्या त्यानं घासून मोकळ्या केल्या होत्या, पण टाकीतलं पेट्रोल जुनंच होतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं होतं, काही बोलू नको. त्यानं गाडी सुरू केली. हे बाजेवर बसले होते. धुराचा पहिला भपकारा आला आणि त्यांनी नाक वर केलं.

"काऊन व, इंजनाले फोडनी देल्ली का तू?"

मी हसले, आणि हसता हसता सगळं सांगून टाकलं. तेही इतके हसले की बाज करकरली. मग मला दाराशी घेऊन गेले आणि माझा हात चौकटीवर ठेवला. सुताराला आपण या चौकटीसाठी कोणतं तेल दिलं होतं, आठवतं का, म्हणाले. जवसाचंच. का, तर ते वाळतं आणि लाकडावर कातडीसारखं बसतं, पुसून निघत नाही. बाकीची तेलं ओली राहतात, जवस वाळतं. दाराचं तेल तू इंजिनाला पाजलंस. विरघळतं का एवढंच पाहिलंस, सुटतं का ते पाहिलं नाहीस. मला एवढं साधं कळायला हवं होतं, रोज ती चौकट मीच पुसते. पण खरं सांगू, मला तेव्हा तेलापेक्षा दुसरंच लागलं. आपल्याच घरात, आपल्याच चौकटीपर्यंत, ते चाचपडत गेले होते.

आता तुला कळलंच असेल. तुझ्या बाबांचे डोळे गेले, रंभा. काचबिंदू. एकदम नाही, कडेकडेनं, धुकं आत आत यावं तसे. म्हणून धुराचा रंग मला विचारायचे. म्हणून राजदूत विकली. गेल्या दिवाळीत ऑपरेशन होतं, नंतर उन्हाळ्यात आणखी एक झालं. दवाखान्यातून आल्यावर तुला कळवू म्हटलं तर मला शपथ घातली. "डोये आले का मीच जातो तिले आनाले. तोवर तिले सांगजो नको. चाचपडत लेकीच्या दारात नाई जानार मी." मीही गप्प राहिले. वाटलं, येतील डोळे, मग कशाला तुझ्या जिवाला घोर. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जे गेलं ते येणार नाही. उजेड आणि सावली एवढं कळतं, बस. परत येताना लूनावर माझ्या मागे बसले होते. वाटेत एवढंच म्हणाले, की आज धूर चांगला आहे, निळा असणार.

तुझं कार्ड मी त्यांना वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. मग उठले, भिंतीला हात लावत लूनापाशी गेले आणि तेलाची बाटली मागितली. नवीन डबा आणलाय, खऱ्या टू-स्ट्रोकच्या तेलाचा. बुचात बोट ठेवून चार बुचं स्वतः ओतली, झाकण लावलं आणि लूना हलवायला लागले. किती तरी वेळ हलवत होते, तेल केव्हाच मिसळलं असेल. शेवटी थांबले आणि म्हणाले, "लिहिजो तिले, धनतेरसले येऊन राह्यलो म्हनून."

तर आम्ही येतोय. वासुदेवरावांना सांग, मुराळी पुरुषमाणूसच आहे, मागच्या सीटवर बसलाय. पुढची बाई नुसती डायवर, तिचं काही मनावर घेऊ नका. परतताना तू बाबांना घेऊन एसटीत बस, मी सामान घेऊन लूनावर मागून येते. आणि ते लेकीचं आणि तेलाचं वाक्य आहे ना, ते मला कधीच पटलं नव्हतं, आता तर मुळीच नाही. जळालेल्या तेलाला आणायला कोणी जात नाही. लेकीला आणायला जाता येतं, डोळे नसले तरी.

एवढं लांब लिहिलं ते एका गोष्टीसाठी. त्यांना सांगून लिहिलेलं नाही, ही माझी एकटीची विनंती आहे. धनतेरसच्या दिवशी देवळी मागे पडली की मी आवाज वाढवीन, तू ऐकशील आणि दारात येशील. तुझी सवय मला माहीत आहे. चौकटीला हात लावशील आणि नुसती हसत उभी राहशील. ते माझ्या मागून उतरतील, तुझ्या दाराकडे तोंड करतील आणि तुझं हसू शोधत उभे राहतील. ते त्यांना दिसणार नाही आणि ते विचारणारही नाहीत. म्हणून या वेळी तशी उभी राहू नकोस, पोरी. रडायचं ते आज परसात बसून रडून घे. त्या दिवशी आम्ही थांबायच्या आधीच तू बोल. 'बाबा' म्हण. मोठ्यानं म्हण.

तुझीच,
आई